नवतप्यातली ओली काजळी

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ आगीचे दिवस, लागला की माझ्या प्रयोगशाळेच्या दारावर एक पाटी चढते. "गच्चीवर काहीही वाळत घालू नये." खाली माझी सही. नवी मुलं ती वाचून गालातल्या गालात हसतात. मॅडमचं पापडांशी काही वाकडं असावं, असं त्यांना वाटतं. परवा त्यातल्याच एका पोट्टीनं, श्वेतानं, हातात ताटली घेऊन विचारलं, "मॅडम, ओव्हन रिकामा नाही. हे पाच मिनिटं वर ठेवून येऊ का? ऊन काय जबरदस्त आहे!" मी असं खच्चून "नाही!" म्हणाले की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. मग माझं मलाच हसू आलं. तिला बसवलं, पाणी दिलं, चार गोष्टी सांगितल्या. पण सगळं काही विद्यार्थ्यांना सांगता येत नाही. जे तिला सांगितलं नाही ते इथे लिहिते आहे.

आम्हा नागपूरकरांना उन्हाचा माज आहे, हे आधी कबूल करते. पुण्याचा पाहुणा मार्चमध्येच कपाळ पुसायला लागला की आम्ही त्याच्याकडे मायेने बघतो आणि म्हणतो, "अजून कुठे लागला आहे उन्हाळा!" मे महिना संपत आला, रस्त्यावरचं डांबर चपलेला धरायला लागलं, नळाचं पाणी दुपारी चहाइतकं गरम यायला लागलं, की आम्ही मान्य करतो, हाव बाप्पा, आता थोडं तापलं आहे. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, कूलरच्या टाकीत पाण्याची बादली. आणि घरोघरी गच्चीवर वाळवण. सकाळी घातलेल्या मुंगवड्या दुपारी खडखड वाजतात. असं ऊन फुकट मिळत असताना वीज जाळून ओव्हन कोण लावतो? या "कोण लावतो"नंच माझा घात केला होता.

मी तेव्हा पीएच.डी. करत होते. काम काजळीवर होतं. घरी कुणी विचारलं की आई सांगायची, "काजळ बनवून राहिली ते, सहा वर्सं झाली." आईचं फार चुकत नव्हतं. दिव्यावर धरलेल्या वाटीची काजळी पाण्यात टाकून बघा. ती वरच तरंगते. ढवळली तर गोळे होतात, आणि हात थांबला की गोळे तळाशी जाऊन बसतात. काजळीचं आणि पाण्याचं जमतच नाही. कापडावर छापायला पाण्यातली काळी शाई हवी, तर काजळी पाण्यात सगळीकडे सारखी पसरून राहायला हवी. त्यासाठी कारखान्यात साबणासारखी रसायनं घालतात, आणि ती पुढे सांडपाण्यात उतरतात. आम्ही म्हणत होतो, रसायन नकोच. काजळीच्या कणाचं अंगच बदलू.

ते कसं, तर पाण्यात वीज पाडून. काचेच्या भांड्यात काजळी कालवलेलं पाणी घ्यायचं. त्यात टंगस्टनच्या दोन तारा समोरासमोर सोडायच्या, टोकांमध्ये नखाएवढं अंतर. मग जबर दाबाची वीज ठोक्याठोक्याने द्यायची. तारेच्या टोकाशी पाण्याची वाफ होते, वाफेचा बुडबुडा होतो आणि बुडबुड्यात ठिणगी पेटते. हाच प्लाझ्मा. अंगात वीज भरलेला, पेटलेला वायू, तोही पाण्याच्या पोटात! तो आजूबाजूच्या पाण्याचे तुकडे करतो, ते तुकडे काजळीच्या कणांच्या अंगाला चिकटतात, आणि एकदा पाण्याचा अंश अंगावर आला की काजळी पाण्यापासून पळत नाही. नुसत्या पाण्यात केलं तर गुलाबी-जांभळा उजेड दिसतो, इतका देखणा की पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी मी जेवायचं विसरले होते. काजळी घातली की मात्र काहीच दिसत नाही. नुसती कटकट ऐकू येते, आणि पाऊस पडून गेल्यावर विजेचा येतो तसा वास.

वीज देणारा डबा मोहसीननं बांधला होता. मोहसीन माझ्याबरोबरचा संशोधक, राहणार कामठीचा, आणि भंगारबाजारातलं कुठलंही निकामी यंत्र त्याच्याकडे पाहून जिवंत होतं असा त्याचा स्वतःचाच समज. बाहेरून तसा डबा मागवायचा तर आमच्या विभागाला परवडला नसता. यानं तो जुन्या भागांतून उभा केला, आणि वर लाल रंगाने लिहिलं, "हात मत लगाना." मी तरी एकदा लावायला गेले. "ताई," तो म्हणाला, "दूर से. नहीं तो आपका ही प्लाझ्मा हो जाएगा, और थीसिस मुझे लिखनी पड़ेगी."

त्या उन्हाळ्यात थीसिस लिहिली जाण्याची चिन्हंच नव्हती. माझी नोंदणी जूनअखेर संपत होती. मुदत एकदा वाढवून झाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. एप्रिलमध्ये समिती बसली. मी बाटली हलवून टेबलावर ठेवली, बोलायला लागले. चहा आला, चहा संपला, आणि बाटलीत वरचं दोन बोटं पाणी स्वच्छ झालं. एक सदस्य चष्मा वर करून म्हणाले, "हे तर बसलं की हो खाली." मला त्या वेळी फक्त त्या बाटलीला थोबाडीत मारावीशी वाटली. समितीनं शेवटचं सांगितलं: एकवीस दिवस काळी राहिलेली एक बाटली दाखवा, नाही तर विषय बंद. सहा वर्षं, आईवडिलांचा धीर, माझं तिशीला टेकलेलं वय, सगळं त्या एका बाटलीवर येऊन ठेपलं.

मी आणि मोहसीननं काय काय नाही केलं! विजेचा दाब वाढवला, कमी केला. तारांतलं अंतर बदललं. तारा बदलल्या. पाणी दोनदा ऊर्ध्वपातन करून घेतलं. प्लाझ्मातून बाहेर पडलेलं पाणी दरवेळी झकास काळं असायचं. मग आम्ही ते ताटल्यांत ओतून गच्चीवर वाळवायचो, भुकटी खरवडून तोलायचो, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो आणि ताज्या पाण्यात पुन्हा घालायचो. कारण शाई करणाऱ्याला पुडीत भरून द्यायची तर भुकटीच हवी. आणि भुकटी पाण्यात घातली की ती बुडालीच. हिवाळ्यात थोडी तरी टिकायची, मेमध्ये अजिबात नाही. आम्ही म्हणायचो, प्लाझ्मात खोट आहे. तो उन्हाळ्यात बिघडतो.

आता वाचणाऱ्याला वाटेल, एवढं शिकलेली माणसं, यांना कळलं कसं नाही? बाप्पा, खरं सांगू का? वाळवणं हे आमच्या लेखी कामच नव्हतं. विभागातला ओव्हन कित्येक वर्षं बंद होता आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. आमचे मार्गदर्शक सर पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, "आमचा ओव्हन आकाशात आहे." माझ्या वहीत विजेचा दाब, वेळ, तारेची जाडी, सगळं दशांश चिन्हापर्यंत लिहिलेलं, आणि पुढे एकच शब्द, "वाळवले". कुठे, किती वेळ, कसल्या उन्हात, काही नाही. दुसऱ्या कुठल्याही गावात हे लिहावं लागलं असतं. नागपुरात मे महिन्यात वाळतं, त्यात लिहायचं काय?

त्या दिवसांत डबा घेऊन बाबा यायचे. बाबा बुटीबोरीच्या एका कापडाच्या कंपनीत पॅकिंगला होते, नुकतेच निवृत्त झाले होते, आणि भर दुपारी सायकल मारत मुलीला डबा पोचवणं हे त्यांनी स्वतःवर घेतलेलं काम होतं. मी ओरडायची, "बाबा, ऊन लागेल!" ते म्हणायचे, "ऊन मले काय लागते? मीच उन्हाले लागतो." एक दिवस मी खाली नव्हते म्हणून ते शोधत गच्चीवर आले. एका बाजूला कचेरीतल्या बाईंच्या मुंगवड्या पसरलेल्या, एका बाजूला माझ्या नऊ ताटल्या. प्रत्येकीत काळा थर, तडे गेलेला.

"ह्या काळ्या पापड्या कायच्या वं?"

"बाबा, हात नका लावू. माझा प्रयोग आहे."

तोवर त्यांनी एक तुकडा उचलला होता. बोटांत धरून मोडला. कट्‌ असा आवाज आला. त्यांनी तो उन्हात धरून पाहिला, नखाने खरवडला, आणि सहज बोलावं तसं बोलले, "हे आता पाण्यात सुटत नाही."

मी ताटली खाली ठेवली. "तुम्हाला कसं कळलं?"

बाबांनी तुकडा होता तिथे ठेवला, हात धोतराला पुसावा तसा पँटला पुसला. "काही नाही. असंच म्हटलं. जेवून घेजो, भाजी गरम हाय." आणि जिना उतरून गेले.

असंच म्हणायचा माणूस नाही तो. मला माहीत होतं त्यांना कसं कळलं, आणि ते का बोलत नाहीत हेही माहीत होतं. आम्ही कोष्टी, पिढीजात विणकर. तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत मी लहान होते तोवर घराघरातून मागाची खटखट यायची. आमच्याही घरात माग होता, बाबा लुगडी विणायचे. सकाळी दिवस वर यायच्या आत गल्लीभर ताणा, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, ताणलेला असायचा, आणि बाबा बनियनवर, हातात भला मोठा कुंचा घेऊन, तांदळाची खळ लावत त्या धाग्यांच्या बाजूने वरखाली चालत असायचे. या कामाला पांजणी म्हणतात. सातवीत असताना शाळेतल्या दोन मैत्रिणी अचानक घरी आल्या. एकीनं विचारलं, "ते कोण गं?" मी म्हटलं, "शेजारचे काका."

बाबांनी ऐकलं. त्यांचा कुंचा थांबला नाही. पुढच्या वर्षी माग विकला. लुगडी कुणी घेत नव्हतं, गल्लीत निम्मे माग आधीच उठले होते, माझ्यामुळे विकला असं कुणीच म्हणणार नाही. पण त्यानंतर बाबांनी मागाचं नाव काढलं नाही, आणि मीही कुणी विचारलं तर सांगत राहिले, बाबा बुटीबोरीला कंपनीत आहेत. आजही ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात. तेव्हा काय, बारा वर्षांची होते, असं स्वतःला समजावून बघते. समजूत पटत नाही.

संध्याकाळी घरी गेले आणि चप्पल काढायच्या आत विषय काढला. "बाबा, दुपारी जे म्हणालात ते नीट सांगा."

"त्या गोष्टी कायले उकरून काढतं?"

"माझी डिग्री अडली आहे म्हणून."

"तुही विजेची डिग्री. माह्यं काय काम त्याच्यात? मी पडलो अडाणी."

मला संताप येतो तेव्हा माझी प्रमाण भाषा पहिल्यांदा पळून जाते. म्हटलं, "अडाणी काहून म्हणता? सहा वर्सांत मले जे दिसलं नाही ते तुमाले एका नखात दिसलं. सांगाचं नसंन तं सांगू नका, पण अडाणी नका म्हणू!"

आई आतून म्हणाली, "सांगा ना बाप्पा. पोरगी रडाले आली." मी रडायला आले नव्हते, पण आईला मध्ये बोलू दिलं. बाबांनी कूलरची कळ फिरवून आवाज कमी केला. मग आईला म्हणाले, "घरात कणी हाय का? उद्या पहाटे खळ शिजवजो."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही घराच्या गच्चीवर होतो. बाबांनी कुठून तरी सुताच्या दोन लड्या आणल्या होत्या. एक बाजू पाण्याच्या टाकीच्या पाइपला, दुसरी कठड्याला बांधून त्यांनी दोन ताणे केले. आईनं कणीची खळ पातेल्यात आणून ठेवली आणि पदर खोचून म्हणाली, "पंधरा वर्सांनी केली. गाठी असंन तं गोड मानून घ्या." कुंचा मात्र जुनाच होता. तो माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

एका ताण्याला खळ लावून बाबांनी तो तसाच सोडला. "याले ऊन येऊ दे." टाकीच्या सावलीत येणाऱ्या दुसऱ्याला लावली आणि कुंचा फिरवायला लागले. फिरवतच राहिले. टाकीपासून कठड्यापर्यंत, परत टाकीशी येऊन पुन्हा कठड्यापर्यंत. मी विचारलं, "खळ तर लागली ना? आता काय करता?"

"खळ लागली. पण वाळली कुठं? ओली खळ सोडून देली तं ते धाग्याधाग्याच्या मधात जाऊन बसते. मंग वाळता वाळता धाग्याले जवळ ओढते. खळ धाग्याले लावाची असते वं, दोन धाग्यांच्या मधात नाही."

ऊन वर आलं. सोडून दिलेला ताणा अर्ध्या तासात वाळला. धागे एकमेकांना चिकटून पट्टी झाली होती. बाबांनी ती दोन बोटांत मोडली, कट्‌. तोच काल ऐकलेला आवाज. कुंचा फिरवलेला ताणा सावलीत, हळू वाळला होता. एकेक धागा वेगळा, सरळ, ताठ. बाबांनी त्यावरून तळवा फिरवला आणि मला म्हणाले, "लाव हात." मी लावला. ज्या कामाच्या घरात वाढले, त्याला पहिल्यांदा हात लावला. फार लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

माझ्या डोळ्यांसमोर त्या नऊ ताटल्या आल्या. काजळीचं दुसरं काय होत होतं? प्लाझ्मानं कणाकणाला अंग दिलेलं असायचं. एकेक कण पाण्यात सुटा, सुखी. आणि आम्ही ते पाणी नेऊन नवतप्यात उघडं टाकायचो. पाणी आटताना दोन कणांच्या मधलं शेवटचं पाणी त्यांना जवळ ओढायचं, अंगाला अंग घट्ट चिकटवायचं. हिवाळ्यात हळू वाळायचं म्हणून चिकटणं जरा सैल. मेमध्ये दगड. प्लाझ्मा बिचारा सहा वर्षं आपलं काम चोख करत होता आणि आम्ही गच्चीवर नेऊन त्यावर पाणी फिरवत होतो, किंवा उलटं म्हणा, त्याचं पाणी पळवत होतो.

सर ऐकून वैतागले. "वाळवायचं नाही? मग भुकटी कुठे आहे? तोलणार काय? असं ओलं संशोधन कोण मान्य करेल?" मी म्हटलं, "सर, शाई ओलीच असते." ते म्हणाले, "सोनकुसरे, तुम्ही फार बोलता." मी म्हटलं, "हो सर." पण त्यांनी अडवलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

मोहसीननं ढवळणीचं चुंबक असं बसवलं की वीज चालू असतानाही पाणी फिरत राहील आणि वीज बंद झाल्यावरही थांबणार नाही. पाणी गार होईपर्यंत ढवळत ठेवायचं, आणि मग वाळवायचं नाही. ओलंच, सावलीत, झाकून ठेवायचं. किती काजळी आहे हे कळायला फक्त चमचाभर वेगळं काढून वाळवायचं, बाकीच्याला हात नाही. पहिली बाटली भरली त्या दिवशी नवतप्याचा दुसरा दिवस होता. मी ती लोखंडी कपाटावर ठेवली, खाली कागद चिकटवला, त्यावर तारीख. मोहसीननं कागदावर खाली लिहिलं, "हात मत लगाना."

ते एकवीस दिवस! रोज सकाळी तेच. दाराशी आले की मान खाली घालून आत जायचं, पर्स ठेवायची, कूलर लावायचा, आणि मग एकदम वर बघायचं. काळी. दुसऱ्या दिवशी काळी. आठव्या दिवशी काळी. बाराव्या दिवशी वरच्या कडेला फिकट रेघ दिसली आणि मी ओरडून मोहसीनला बोलावलं. मोहसीन स्टुलावर चढला, बोटाने बाटली पुसली आणि म्हणाला, "ताई, धूल है. काच पर." मी त्याला एक धपाटा घातला. बाबा डबा द्यायला यायचे, आत यायचे नाहीत, दारातूनच भुवया उडवून विचारायचे. मी मान डोलवायची. ते निघून जायचे. घरी या विषयावर चकार शब्द नाही, जशी बोलल्याने दृष्टच लागली असती.

एकविसाव्या दिवशी समिती आली. बाहेर आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस काही नव्हता, नुसती उकाड्याची तलखी. ज्यांनी एप्रिलमध्ये चष्मा वर केला होता त्याच सदस्यांनी मोबाईलचा टॉर्च लावून बाटलीच्या मागे धरला. वर धरला, मध्ये धरला, तळाशी धरला. उजेडाचा ठिपकासुद्धा पलीकडे आला नाही. एवढा काळोख बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा कुणाला कधी झाला नसेल. बाटली तिरकी करून तळ पाहिला, तळाला काही बसलेलं नव्हतं. "लिहायला घ्या," ते म्हणाले.

लिहायला घेतलं आणि नवीन भांडण उभं राहिलं. पद्धतीच्या प्रकरणात मी खळीची आणि कुंच्याची गोष्ट लिहिली होती, आणि संदर्भांच्या यादीत एक्केचाळिसावा संदर्भ दिला होता: सोनकुसरे, गंगाराम. विणकर, तांडापेठ, नागपूर. प्रत्यक्ष संभाषण. सर म्हणाले, "वडिलांचे आभार आभारात माना. पहिल्या पानावर माना, सुंदर शब्दांत माना. संदर्भात शास्त्रज्ञ असतात." मी म्हटलं, "सर, जर्मनीतल्या कुणी मला पत्रात ही गोष्ट सांगितली असती तर त्यांचं नाव कुठे टाकलं असतं?" सरांनी संदर्भांची यादी उलटी करून ठेवली. मी पुढे म्हटलं, "आभार मानायला त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला नाही सर. त्यांनी उत्तर दिलं आहे." बाबांना सांगितलं तर तेच जास्त घाबरले. "माह्यं नाव कायले टाकतं? लोकं हसन तुले." "हसू द्या," मी म्हटलं. "हसणाऱ्याले पहिले एक ताणा पांजून दाखवाले सांगीन."

तोंडी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात झाली. परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. आई इरकलीत, बाबा पांढऱ्या शर्टात, शेवटच्या ओळीत, दाराजवळची खुर्ची बघून बसलेले. हैदराबादहून आलेल्या परीक्षक बाई करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पाऊण तास मला प्लाझ्मावर पिळून काढलं. मग संदर्भांच्या पानावर पेन्सिल ठेवली.

"ये इकतालीस नंबर. ये कौन हैं? किस इन्स्टिट्यूट से?"

सभागृहात कुणीतरी खोकलं. सर छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मैडम, मेरे पिताजी हैं. बुनकर हैं. पीछे बैठे हैं."

बाईंनी चष्मा काढला. "तो उन्हीं से पूछती हूँ. आप ज़रा आगे आइए." बाबा उठले. दाराकडे जातात की काय, असं मला वाटलं. पण ते आले, सगळ्या खुर्च्यांमधून, सरळ पुढे. बाईंनी प्रबंधातला कुंच्याचा परिच्छेद इंग्रजीतून वाचला आणि हिंदीत समजावून सांगितला. "इसने लिखा है कि ब्रश धागे पर आगे-पीछे चलाया जाता है, जब तक माँड़ सूख न जाए. ठीक लिखा है?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "नहीं. गलत लिखा है."

मोहसीन पहिल्या रांगेत होता, त्यानं कपाळाला हात लावला.

"आगे-पीछे नहीं चलाते," बाबा सांगायला लागले. हिंदी मध्येच मराठी होत होती, त्यांना त्याची पर्वा नव्हती. "एकच तरफ चलाते. उलटा कुंचा मारला तं धाग्याचे रोम उभे राहते, मंग माग पे अटकते, धागा टूटता है. वापस खाली हात आने का, फिर शुरू से. इसने एकच बार देखा ना, इसको लगा दोनो तरफ जाता है. मैं चल रहा था दोनो तरफ. कुंचा नहीं." आणि त्यांनी तिथे, सगळ्या प्राध्यापकांसमोर, हवेत कुंचा धरून दाखवला. चार पावलं पुढे, हात लांब, मनगट सैल. मग हात उचलून, चार पावलं मागे. पुन्हा तसंच. सभागृहात कुणी हसलं नाही. बाई मान किंचित पुढे करून बघत होत्या, आणि त्यांनी विचारलं, किती वेळ, कुठल्या ऋतूत, धागा वाळला हे कसं कळतं. बाबांनी सगळ्याची उत्तरं दिली, सावकाश, घाई न करता. मी बाजूला उभी होते. परीक्षा माझी होती आणि मला एकही प्रश्न येत नव्हता, आणि माझी मान कधी नव्हे इतकी ताठ होती.

अहवालात लिहिलं होतं: पदवी देण्याची शिफारस, एका दुरुस्तीसह. सहा-सात वर्षांच्या त्या जाडजूड प्रबंधात सगळ्या परीक्षकांना मिळून एकच चूक सापडली, आणि ती माझ्या बापाने काढली.

त्याच रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पान पुन्हा टाइप केलं, छापून घरी आणलं. बाबांनी चष्मा लावला. पान इंग्रजीत होतं, तरी त्यांनी ते हातात धरून वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग मला परत दिलं आणि म्हणाले, "वाच. मराठीत." मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर त्यांनी मान डोलवली.

"हां. आता बरोबर हाय," ते म्हणाले. "आता होऊ दे तुले डॉक्टर."